इंजिनाचा तापमानदर्शक काटा : दोष कोठे आहे ते कसे शोधावे

ट्रॅक्टर असो वा माल वाहणारा पिकअप असो, इंजिन किती तापले आहे हे चालकास कळण्याचे नित्याचे साधन एकच असते. ते म्हणजे त्याच्यासमोरील तापमानदर्शक काटा होय. परंतु हा काटा स्वतः काहीच पाहत नाही. इंजिनाच्या पाण्यात बसविलेला एक लहानसा भाग, त्यापासून निघालेली तार, तारेच्या टोकांवरील जोड आणि विजेच्या परतीचा मार्ग, इतक्यांनी मिळून आणलेली बातमी तो फक्त वाचून दाखवितो. ह्या साखळीतील एखादा दुवा सैल झाला की बातमी बदलते. मग इंजिन थंड असताना काटा लाल पट्ट्यात जातो, किंवा इंजिन खरोखर तापलेले असताना काटा खालीच राहतो.

पहिल्या प्रकारात शेतकऱ्याचा वेळ व पैसा जातो. दुसऱ्या प्रकारात इंजिनच जाते. म्हणून हा दोष कसा ओळखावा व कोणत्या क्रमाने शोधावा, हे वाहन चालविणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने आणि त्याला सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर व त्याच्या आसपासची गावे घोड नदीच्या खोऱ्यातील बागायती गावे होत. डिंभे धरणाच्या पाण्यामुळे ह्या भागात ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो व इतर भाजीपाला ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे जातात, कांदा मंचरच्या बाजारात जातो, टोमॅटोच्या जाळ्या नारायणगावास जातात आणि बराचसा भाजीपाला रात्रीच पुण्याच्या वाटेला लागतो. सकाळी तोडलेला टोमॅटो वाहनाच्या दुरुस्तीसाठी थांबत नाही. वाहन वाटेत उभे राहिले तर दुरुस्तीचा खर्च एकीकडे आणि हुकलेल्या बाजाराचे नुकसान दुसरीकडे, असा दुहेरी भार शेतकऱ्यावर पडतो. हा भार टाळण्यास फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. थोडी समज, साधा मल्टिमीटर व योग्य क्रम एवढे पुरेसे आहे.

मंडलाची रचना

पाण्यात बसविलेल्या भागास मिस्त्री लोक ‘सेन्सर’ किंवा ‘टेंपरेचर युनिट’ म्हणतात. त्याच्या पोटात विशिष्ट पदार्थाची एक गोळी असते. साधी तांब्याची तार तापली की तिचा विद्युत-रोध वाढतो. ह्या गोळीचे वागणे नेमके उलटे असते. ती जितकी तापते तितका तिचा रोध कमी होतो. काही पदार्थांचा हा उलटा गुण १८३३ साली मायकेल फॅरडे ह्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आला होता. आजचे बहुतेक सर्व तापमान-सेन्सर त्याच गुणावर चालतात. एवढे एकच सूत्र पक्के लक्षात ठेवले की पुढील सर्व तपासणी सोपी होते : थंड म्हणजे रोध जास्त, गरम म्हणजे रोध कमी.

सेन्सर, तार व परतीचा मार्ग ह्यांच्या वर्तुळास विद्युत-मंडल किंवा बोलीत सर्किट असे म्हणतात. शेतकऱ्यांच्या वाहनांत हे मंडल दोन प्रकारचे आढळते.

(१) एकतारी मंडल. जुन्या ट्रॅक्टरांत आणि साध्या डिझेल पंपाच्या अनेक ट्रॅक्टरांत सेन्सरवर एकच तार असते. ती थेट काट्याकडे जाते. वीज परत जाण्याचा मार्ग म्हणजे सेन्सरचे आटे, इंजिनाचे लोखंड व बॅटरीची अर्थची तार होय.

(२) द्वितारी मंडल. १ एप्रिल २०२० पासून वाहनांना भारत स्टेज ६ ही धुराची मर्यादा लागू झाली. १ जानेवारी २०२३ पासून सुमारे ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांनाही अधिक कडक मर्यादा लागू झाली. ह्या मर्यादा पाळण्यासाठी डिझेल किती व केव्हा सोडावयाचे हे ठरविण्याचे काम बव्हंशी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे आले. गॅरेजमध्ये त्यास ‘ईसीएम’ म्हणतात. ह्या वाहनांत सेन्सरवर सामान्यतः दोन तारा असतात. एका तारेतून नियंत्रक आपल्या आतील ठराविक रोधामार्फत ५ व्होल्टचा दाब पाठवितो. दुसरी तार परतीची असते. पाणी थंड असते तेव्हा सेन्सरच्या तारेवर दाब जास्त राहतो. पाणी तापते तसा तो उतरतो. त्या दाबावरून नियंत्रक तापमान ठरवितो, आणि काट्यास बातमी बहुधा नियंत्रकच देतो.

ह्यातील महत्त्वाचा फरक असा की, एकतारी मंडल बिघडले तर फक्त काटा चुकतो. द्वितारी मंडल बिघडले तर इंजिनाचे वागणेही चुकते.

दोषाची लक्षणे

एकतारी मंडलात काटा तळाशी पडून राहणे, चावी फिरविताच वरच्या टोकास जाणे किंवा रस्त्यावरील खड्ड्यासरशी उड्या मारणे ही लक्षणे दिसतात. डिझेलचा काटाही त्याच वेळी चुकत असेल तर सेन्सरला दोष देऊ नये. त्या वेळी दोन्ही काट्यांना मिळणारा समाईक प्रवाह किंवा समाईक अर्थ तपासावा.

द्वितारी मंडलात नियंत्रकास इंजिन थंड आहे असे वाटले तर तो थंड इंजिनास लागणारे जादा इंधन देत राहतो. त्यामुळे गरम इंजिनही धूर ओकते, डिझेल अधिक खाते व त्याचा रिकामा वेग वाढलेला राहतो. उलट, इंजिन गरम आहे असे वाटले तर पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू होण्यास कुरकुरते. अनेक वाहनांत इंजिनाचे चित्र असलेला दिवा लागतो, विजेचा पंखा अखंड फिरतो किंवा इंजिनाची ताकद कमी केली जाते. ही सर्व लक्षणे इतर दोषांतही दिसतात. सबब केवळ लक्षणावरून सेन्सर किंवा इंजेक्टर बदलणे योग्य नव्हे.

प्रथम इंजिन, नंतर मंडल

काटा लाल पट्ट्यात गेला असता ‘सेन्सर खराब असेल’ असे म्हणून वाहन पुढे नेणे हा सर्वांत घातक प्रमाद होय. काटा खोटा आहे असे सिद्ध होईपर्यंत तो खराच मानावा. वाहन बाजूस घ्यावे, भार काढावा व इंजिन निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकणाखाली पाणी दाबाखाली असल्याने ते १०० अंशांच्या वरही द्रवरूपच राहते. झाकण सैल होताच दाब जातो व उकळते पाणी तोंडावर उसळते. इंजिन निवण्यास अर्धा तास लागला तरी थांबावे. हात-तोंड भाजल्यावर तो वेळ परत मिळत नाही.

इंजिन निवल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात :

(अ) रेडिएटरमध्ये व बाजूच्या टाकीत कूलंट पुरेसे आहे काय.
(आ) रेडिएटरच्या जाळीत मळणीचा भुसा, उसाचे पाचट किंवा माती अडकली आहे काय.
(इ) पंख्याचा पट्टा सैल अथवा तुटलेला आहे काय.
(ई) होज पाइप, पाण्याचा पंप व झाकण ह्यांतून गळती आहे काय.

ह्यांपैकी काही आढळले तर काटा खरे बोलत होता असे समजावे व तो दोष आधी दूर करावा.

कूलंटच्या पातळीकडे विशेष लक्ष द्यावे. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचे तापमान सांगू शकतो. गळतीमुळे पाणी उतरले व सेन्सर कोरडा पडला तर इंजिन जळत असताना काटा खाली उतरू शकतो. चढावर गरमीकडे गेलेला काटा अचानक खाली आला तर इंजिन निवले असे समजून समाधान मानू नये. त्याच क्षणी वाहन थांबवावे.

खरे तापमान जाणण्यासाठी बाहेरची साक्ष घ्यावी. गॅरेजमधील अवरक्त तापमापी थर्मोस्टॅटजवळच्या काळ्या होज पाइपावर किंवा रंगविलेल्या भागावर धरावी. चकचकीत धातूवर तिचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. २०२० च्या साथीत गावोगावी आलेली कपाळाचे तापमान पाहणारी बंदूक ह्या कामास चालत नाही, कारण तिची मर्यादा माणसाच्या तापापुरतीच असते. काम करणाऱ्या निरोगी इंजिनाचे पाणी साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. होज पाइपाच्या बाहेरचा आकडा ह्याहून थोडा कमी येणे स्वाभाविक आहे. बाहेरची साक्ष व काटा ह्यांत मोठी तफावत आढळली तरच मंडलाकडे वळावे.

गंज व ओल ह्यांचे परिणाम

मंडलातील बहुतेक दोष सेन्सरच्या पोटात नसून जोडांत असतात. वाहन जोराच्या फवाऱ्याने धुतल्यास सेन्सरच्या कपलरमध्ये पाणी शिरते. मोरचूद व इतर फवारणीची द्रव्ये वाहून नेताना सांडली तर पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. गोठ्यात अथवा उसाच्या कडेला उभ्या केलेल्या वाहनाच्या तारा उंदीर कुरतडतात. इंजिनाच्या हादऱ्याने तार कोपऱ्यास घासून तिचे आवरण फाटते.

ह्या दोषांचे परिणाम सारखे नसतात. त्यांचा नियम असा :

गंज, सैल पिन व अर्धवट तुटलेली तार ह्यांमुळे मंडलात जादा रोध भरतो. जादा रोध म्हणजे थंडीची खूण. म्हणून गंज काट्यास थंडीकडे ओढतो.

कपलरमधील ओल किंवा लोखंडास घासलेली तार विजेस आडवाट देते. त्यामुळे रोध घटतो. कमी रोध म्हणजे उष्णतेची खूण. म्हणून ओल व घसट काट्यास गरमीकडे ओढतात.

शेतकऱ्याचे लक्ष सहसा दुसऱ्या दोषाकडे जाते, कारण लाल पट्टा पाहून तो घाबरतो. परंतु खरा धोका पहिल्यात आहे. गंजामुळे काटा नेहमीपेक्षा थोडा खाली राहिला तर कोणीही तक्रार करीत नाही, उलट इंजिन थंड चालते म्हणून समाधान वाटते. अशा वाहनाचे पाणी खरोखर तापले तरी काटा मध्यावरच दिसतो. विजेचा पंखा नियंत्रकाच्या हुकमाने फिरणारा असेल तर तोही उशिरा सुरू होतो. हेड गॅस्केट फुटल्यावर किंवा हेड वाकल्यावर मग शेतकऱ्यास कळते की साक्षीदार पहिल्यापासूनच खोटा होता.

एकतारी मंडलाची तपासणी

चावी फिरवून दिवे लावावेत, परंतु इंजिन सुरू करू नये. सेन्सरवरील तार काढून कशासही न लागेल अशी धरावी. बहुतेक ट्रॅक्टरांत काटा थंडीच्या टोकास गेला पाहिजे. नंतर तीच तार इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास क्षणमात्र टेकवावी. काटा गरमीकडे चढू लागला पाहिजे. तो चढू लागताच तार दूर करावी. ती टेकवून ठेवल्यास काट्याचे यंत्र बिघडण्याचा संभव असतो.

काटा दोन्ही वेळा योग्य दिशेस गेला तर काटा व तार निर्दोष आहेत. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या बैठकीत आहे. तार काढूनही काटा गरमीकडेच राहिला तर तार वाटेत कोठेतरी लोखंडास लागली आहे. तार टेकवूनही काटा हलला नाही तर तार तुटली आहे किंवा काट्यास प्रवाह मिळत नाही.

येथे एक नेहमीची चूक सांगणे आवश्यक आहे. गळती होऊ नये म्हणून सेन्सरच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन फीत गुंडाळतात. एकतारी सेन्सरची वीज त्या आट्यांतूनच परत जाते. फितीमुळे तो मार्ग अडतो, काटा थंडी दाखवितो व नवा सेन्सरही खराब ठरविला जातो. असा सेन्सर फितीशिवाय, निर्मात्याने सांगितलेल्या वॉशरसह बसवावा.

द्वितारी मंडलाची तपासणी

प्रथम स्कॅनर लावून नियंत्रकाने नोंदविलेला दोषसंकेत पाहावा. मालवाहू पिकअपमध्ये पी-०११८ हा संकेत आढळल्यास दाब प्रमाणाबाहेर जास्त, म्हणजे मंडल तुटलेले असण्याचा संभव असतो. पी-०११७ आढळल्यास दाब प्रमाणाबाहेर कमी, म्हणजे तार कोठेतरी लोखंडास किंवा दुसऱ्या तारेस लागलेली असण्याचा संभव असतो. अनेक ट्रॅक्टरांत हीच गोष्ट एसपीएन ११० ह्या क्रमांकाने सांगितली जाते. त्यापुढे एफएमआय ३ असेल तर दाब जास्त व एफएमआय ४ असेल तर दाब कमी. पी-०१२८ हा संकेत मात्र बहुधा थर्मोस्टॅट उघडा राहिल्याचे सुचवितो.

संकेत मंडलाचे नाव सांगतो, बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही, हे विसरू नये. संकेत वाचून लगेच सेन्सर विकत आणणे म्हणजे गोठ्यातून आवाज आला म्हणून कोणते जनावर आजारी आहे हे न पाहताच औषध पाजण्यासारखे आहे. तसेच संकेत नसला म्हणजे मंडल निर्दोष आहे असेही नाही. आकडा प्रमाणात राहून वीस अंशांनी चुकत असेल तर नियंत्रकास ते पुष्कळदा कळत नाही.

तपासणीचा क्रम येणेप्रमाणे ठेवावा :

(१) रात्रभर उभ्या असलेल्या वाहनात, इंजिन सुरू करण्यापूर्वी, स्कॅनरवर पाण्याचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असावयास पाहिजेत.

(२) इंजिन गरम झाल्यावर स्कॅनरचा आकडा बाहेरच्या तापमापीशी ताडून पाहावा. ही दुसरी परीक्षा कधीही टाळू नये. तिचे कारण पुढील उदाहरणात स्पष्ट होईल.

(३) चावी बंद करून सेन्सरचा कपलर काढावा व पुन्हा चावी फिरवावी. आकडा उणे ४० अंशांच्या आसपास गेला पाहिजे.

(४) चावी बंद करून कपलरच्या दोन पिना बारीक तारेच्या तुकड्याने जोडाव्यात व चावी फिरवावी. आकडा वरच्या टोकास गेला पाहिजे. तुकडा जाड असू नये, नाही तर पिना पसरतात व नवाच दोष निर्माण होतो. काही वाहनांत दोष कळताच नियंत्रक स्वतःचा ठराविक आकडा दाखवितो. अशा वेळी संकेत बदलला काय ते पाहावे.

(५) सुटलेल्या कपलरवर मल्टिमीटरने दाब मोजावा. एका तारेवर सुमारे ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. परतीची तार व बॅटरीचे ऋण टोक ह्यांमधील दाब जवळजवळ शून्य असावयास पाहिजे. कपलर जोडलेला व चावी सुरू असताना तो ०.१ व्होल्टहून अधिक आढळल्यास परतीच्या वाटेवर गंज आहे असे समजावे.

नियंत्रकाच्या तारांवर बल्बची तपासणी-सळई कधीही वापरू नये. बल्ब जितका प्रवाह ओढतो तितका ह्या नाजूक मंडलास सोसवत नाही. तारांत सुई टोचूनही तपासू नये. टोचलेल्या जागेतून पाणी शिरते व आतील तांबे कुजते.

सेन्सरची पाण्यातील परीक्षा

मंडल निर्दोष आढळले तर सेन्सर काढून त्याची परीक्षा घ्यावी. इंजिन पूर्ण निवलेले असावे. सेन्सर स्वच्छ धुऊन दोरीने भांड्यात असा टांगावा की त्याचे टोक पाण्यात बुडेल, परंतु भांड्याच्या तळास टेकणार नाही व पिना कोरड्या राहतील. शेजारी तापमापी धरावी. १०० अंशांपर्यंत मोजणारी डेअरीतील तापमापी चालते, परंतु नंतर ती दुधास वापरू नये, आणि भांडेही स्वयंपाकाचे नसावे. पाणी हळूहळू तापवीत सेन्सरच्या दोन पिनांमधील रोध मोजून लिहावा. एकतारी सेन्सरचा रोध पिन व त्याचे धातूचे अंग ह्यांमध्ये मोजावा.

द्वितारी सेन्सरच्या एका प्रचलित जातीचे आकडे नमुन्यासाठी पुढे दिले आहेत :

तापमान २० अंश : रोध सुमारे २,५०० ओहम
तापमान ४० अंश : रोध सुमारे १,२०० ओहम
तापमान ६० अंश : रोध सुमारे ६०० ओहम
तापमान ८० अंश : रोध सुमारे ३२० ओहम
तापमान १०० अंश : रोध सुमारे १९० ओहम

सर्व सेन्सर ह्याच जातीचे नसतात. एकतारी सेन्सरचे आकडे तर पुष्कळच लहान असतात. म्हणून आपल्या वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत. पुस्तिका नसेल तर निदान इतके पाहावे की पाणी तापेल तसा रोध सारखा उतरत जातो, मध्येच उडी मारीत नाही, आणि निवताना त्याच वाटेने परत चढतो. आपला प्रदेश उंचावर असल्याने पाणी १०० अंशांच्या किंचित खालीच उकळते. त्याने परीक्षेस बाध येत नाही.

एक उदाहरण

समजा, निरगुडसर येथील एका शेतकऱ्याचा पिकअप गरम झाल्यावरही काळा धूर सोडतो व डिझेल जास्त खातो. दिवा लागलेला नाही. काटा नेहमीपेक्षा थोडा खाली आहे. कोणी इंजेक्टर बदलण्याचा, तर कोणी थर्मोस्टॅट बदलण्याचा सल्ला देतो.

पहाटे हवा १६ अंश असताना पाण्याचा आकडा १४ आढळतो. दोन अंशांचा फरक कोणी मनावर घेणार नाही. परंतु गाडी चालवून आल्यावर बाहेरची तापमापी ८२ व स्कॅनर ६० दाखवितो. म्हणजे थर्मोस्टॅट आपले काम करीत आहे, बातमी मात्र चुकीची आहे.

कपलर काढताच आकडा उणे ४० वर जातो. पिना जोडताच तो वरच्या टोकास जातो. म्हणजे नियंत्रक व तारा निर्दोष आहेत. सेन्सर पाण्यात तापविला असता ८० अंशांवर ३२० ओहम दाखवितो. म्हणजे सेन्सरही निर्दोष आहे. आता उरली ती केवळ सेन्सर व कपलर ह्यांच्या मिलनाची जागा. भिंगातून पाहता एका पिनेवर हिरवट थर दिसतो.

हा थर सुमारे ३०० ओहमचा जादा रोध निर्माण करीत होता. पहाटे सेन्सरचा स्वतःचा रोध २,९०० ओहमच्या घरात होता. त्यात ३०० मिळाले तरी फरक दोन-तीन अंशांचाच पडला. गरम असताना सेन्सरचा रोध सुमारे ३०० वर उतरला. त्यात ३०० मिळून ६०० झाले, आणि ६०० ओहम म्हणजे नियंत्रकाच्या लेखी ६० अंश. एकच गंज थंडीत लपतो व गरमीत उघडा पडतो. गरम इंजिनावरची परीक्षा टाळू नये असे वर सांगितले, त्याचे कारण हेच होय.

पिना स्वच्छ करून घट्ट बसविल्यावर आकडे जुळतात. इंजेक्टर, थर्मोस्टॅट व सेन्सर ह्या तिहींपैकी एकही भाग विकत घ्यावा लागत नाही.

दुरुस्ती

पिनांवरील गंज संपर्क-स्वच्छक द्रवाने व मऊ ब्रशाने काढावा. पॉलिश-कागदाने घासू नये, त्याने पिनेवरील मुलामा निघून जातो. पिन खाल्ली गेली असल्यास ती बदलावी. तुटलेली तार पिळून चिकटपट्टी लावणे ही दुरुस्ती नव्हे. जोड डाखाने पक्का करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी व तार हादरणार नाही अशी बांधावी. वाहन हमीच्या मुदतीत असल्यास तारा न कापता अधिकृत केंद्रात न्यावे.

सेन्सर काढल्यास कूलंट सांडते. ते गोळा करावे. त्यातील ग्लायकॉल चवीस गोडसर परंतु विषारी असते, आणि कुत्री, वासरे ते चाटतात. पुन्हा भरताना निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट व शुद्ध पाणी मिसळावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नये. त्याचे क्षार सेन्सरच्या टोकावर व रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. भरल्यावर आतील हवा काढावी. हवेचा बुडबुडा सेन्सरपाशी अडकल्यास नवा सेन्सरही चुकीचे सांगेल.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॅक्टर व पिकअप असणाऱ्या शेतकऱ्यांची एक बैठक घ्यावी. गावातील मोटार दुरुस्त करणाऱ्या कारागिरास मल्टिमीटरसह बोलवावे. एक जुना सेन्सर पाण्यात तापवून रोध कसा उतरतो हे सर्वांस दाखवावे. शंभर वाक्यांनी जे पटत नाही ते एका पातेल्यातील प्रयोगाने पटते. प्रत्येक वाहनधारकाने आपला काटा निरोगी अवस्थेत नेमका कोठे स्थिर राहतो त्याची नोंद वाहनाच्या वहीत करावी. ती नोंद असेल तर काटा थोडा खाली राहू लागला तरी तो चालकाच्या ध्यानात येईल.

थोडक्यात सांगावयाचे तर क्रम असा : काटा वर गेला की थांबावे. इंजिन निवल्यावर पाणी, जाळी, पट्टा पाहावा. बाहेरच्या तापमापीने काट्याची साक्ष पडताळावी. मग कपलर, अर्थ व तारा, नंतर सेन्सर, आणि सर्वांत शेवटी नियंत्रक. जो भाग स्वस्त व हाताशी आहे तो आधी तपासावा. जो महाग आहे तो पुराव्यावाचून बदलू नये. आणि लाल पट्ट्यातील काट्याइतकाच, विनाकारण खाली राहणारा काटाही चौकशीस पात्र आहे, हे कायम ध्यानात ठेवावे.